बावीस छेद सातची भिंत

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आष्ट्याच्या बाईंचं नाव सांगतो. त्या गणिताच्या निवृत्त शिक्षिका. मी त्यांच्या शाळेत कधी नव्हतो. सांगलीच्या कॉलेजात बी. ए. करत असताना मी आष्ट्यात त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो, एवढीच आमची ओळख. सांगलीत खोल्या महाग होत्या म्हणून मी रोज एस. टी.नं जाऊन येऊन करत होतो.

मी रहिमतपूरजवळच्या एका गावचा. वडील आल्याच्या गाड्या भरायच्या कामावर, आई दुसऱ्यांच्या शेतात. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मी ते पाहिलं ते कला शाखेतून, कारण तिथं गणित नव्हतं. शाळेत गणिताच्या तासाला माझ्या पोटात दुखायचं. ढोंग नव्हतं ते, खरंच दुखायचं. सर फळ्याकडं वळले की मी मान खाली घालायचो, आणि ते पुन्हा आमच्याकडं वळले की मला घाम फुटायचा. दहावीला काठावर सुटलो. निकाल कळल्यावर पहिला विचार आला तो हाच, की आता आयुष्यात पुन्हा गणित करावं लागणार नाही.

बाईंच्या घरी पहिल्यांदा राहायला गेलो तेव्हा आईनं ताज्या आल्याची पिशवी भरून दिली होती. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला आणि "छान आहे" म्हणाल्या. त्या जैन, जमिनीखाली पिकलेलं काही खात नाहीत, हे मला पुष्कळ महिन्यांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. आलं त्याच दिवशी काकूंच्या घरी गेलं होतं. मधल्या काळात मी आणखी दोन पिशव्या आणल्या होत्या. बाईंनी त्याही तशाच हसून घेतल्या होत्या.

गणिताशी माझी पुन्हा गाठ पडली ती लोणच्याच्या बरण्यांमुळं. बाई कैरीचं लोणचं करून बरण्यांच्या तोंडाला फडकं बांधत होत्या आणि मला म्हणाल्या, "दोरे कापून दे. बरणीच्या तोंडाची रुंदी बघ, तिप्पट घे, वर गाठीला बोटभर." मी मोजून कापले. एकाही दोऱ्याची गाठ बसेना. लहान बरणीचा थोडक्यात हुकला, मोठीचा बराच. मला वाटलं, इथंही गणितानं मला गाठलं. मी म्हणालो, "बाई, मला पहिल्यापासून जमत नाही हे."

"तू बरोबर कापलेस," त्या म्हणाल्या. "मीच मुद्दाम कमी सांगितलं. आता बघ, कमी पडतो तो तुकडा केवढा आहे."

मग त्यांनी मला दोरा घेऊन घरभर फिरवलं. परात, डब्याचं झाकण, ताट, माठाचं तोंड. कडेभोवती आडवं माप तीन वेळा बसायचं आणि वर थोडं उरायचं. परातीला जास्त, वाटीला कमी, पण त्या त्या वस्तूच्या मानानं सारखंच. शाळेत पायची किंमत बावीस छेद सात असं पाठ केलं होतं, पण ती वाटीतही असते आणि माठातही असते, असं कुणी दाखवलं नव्हतं. मी विचारलं, "हे वरचं थोडं म्हणजे नेमकं किती?"

"ते विचारणारा तू पहिला नाहीस," बाई म्हणाल्या आणि उठल्या, कारण दिवस कलला होता. सूर्य मावळायच्या आत त्यांचं जेवण व्हायचं. त्यानंतर पाणीसुद्धा नाही. गणितही त्या वेळेला थांबायचं.

पुढची दोन वर्षं मी इतिहासाच्या पुस्तकांखाली नववीचं गणिताचं पुस्तक ठेवून वाचलं. जे शाळेत अंगावर यायचं ते आता ओळखीचं वाटू लागलं. बाईंनी फी घेतली नाही, शिकवणी असं म्हटलंही नाही. "आज काय अडलं?" एवढंच विचारायच्या. पदवी मिळाली, बी. एड. झालं, आणि मला जतच्या बाजूला एका हायस्कुलात इतिहास शिकवायचं काम मिळालं. तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवले तेवढे तास माझे, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील की नाही ते त्यांच्या मनावर. घरी मी फक्त "मास्तर झालो" एवढं सांगितलं. आईनं ते गावभर केलं.

तिथला मुलूख कोरडा. बरीचशी मुलं धनगरांची. काहींची घरं वर्षातले काही महिने मेंढरांमागं बाहेर, मुलं आजीजवळ. दिवाळीनंतर गणिताचे सर दुसरीकडं लागले आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावलं.

"आवं सर, तुमी मधल्या सुट्टीत पोरांना दोऱ्यानं ताटं मोजायला लावता म्हणं. नववीचं गणित घ्या तेवढं."

"मी इतिहासाचा आहे, सर."

"पोरांना कुठं ठावं हाय?"

नाही म्हणायची हिंमत झाली नाही. नाही म्हटलं तर इतिहासाचे तासही जातील अशी भीती होती. त्या दिवसापासून पोटातलं जुनं दुखणं परत आलं. आता तर मी फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभा होतो. आदल्या दिवशी सगळी उदाहरणं सोडवून जायचो, तरी कुणी हात वर केला की आधी हातातली वही उघडायचो.

अशात एक दिवस गावी जाताना बसमध्ये मी बावीसला सातनं भागत बसलो. आजवर ते कधी शेवटापर्यंत केलंच नव्हतं. तीन पूर्णांक, मग एक, चार, दोन, आठ, पाच, सात, आणि बाकी पुन्हा एक. मग परत एक, चार, दोन, आठ, पाच, सात. मी वहीचं पान उलटलं तरी तेच. न संपणारी म्हणतात ती हीच संख्या, आणि ती अशी गोल फिरते. गोलाचं माप स्वतःच गोल फिरतंय. हे कुठल्याच पुस्तकात मला दिसलं नव्हतं. मला वाटलं, हे मला सापडलं.

वर्गात सांगितलं. मुलांना तर फारच आवडलं. "एकशेबेचाळीस, आठशेसत्तावन्न" असं ती टाळ्या वाजवत म्हणायची. पुढच्या बाकावर एक मुलगी होती. तिचे वडील मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला गेलेले. ती सगळ्यांना चाल लावून द्यायची. मुख्याध्यापकांनी खिडकीतून ऐकलं आणि तेही खूश झाले. महिनाभरानं शाळेची तपासणी होती आणि बोलक्या भिंती करायच्या होत्या, म्हणजे पाढे, नकाशे, सूत्रं असं भिंतींवर रंगवायचं होतं. ते म्हणाले, "नववीच्या वर्गाला तुमचा पाय काढा. ठळक."

मी आणि मुलांनी चार दिवस खपून वर्गाच्या चारी भिंतींवर पट्टा रंगवला. फळ्याच्या वर मथळा, 'पाय : कधीही न संपणारी संख्या', आणि तिथून सुरू करून खिडक्यांच्या वरून, दारावरून, परत फळ्यापर्यंत निळे आकडे. तीन पूर्णांक एकशेबेचाळीस आठशेसत्तावन्न एकशेबेचाळीस आठशेसत्तावन्न. मुख्याध्यापकांनी फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. सरपंचांनी त्याखाली शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं. मी तोच फोटो बाईंच्या पुतण्याच्या मोबाईलवर पाठवला आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. "फोटो पाहिला. अक्षर सुंदर आहे. रविवारी ये. जेवायलाच ये, पण दिवस असताना."

एवढंच. "अक्षर सुंदर आहे" हे वाक्य मी आठवडाभर चघळत होतो. आकड्यांबद्दल त्या काहीच का बोलल्या नाहीत? मी वर्गात शिरलो की नजर आपोआप वर जायची. आकडे तसेच होते. मुलं आल्या आल्या टाळ्या वाजवून म्हणायची आणि मला ते ऐकवेना, का ऐकवेना तेही कळेना. पुस्तक उघडून बघायचं धाडस होत नव्हतं. तपासणी पुढच्याच आठवड्यात होती.

रविवारी आष्ट्याला पोचलो. बाईंनी आधी वाढलं. मुगाची आमटी, भाकरी, पडवळाची भाजी. जेवण उरकल्यावर समोर बसल्या.

"बावीसला सातनं भागताना बाकी काय काय उरू शकते?"

"एक ते सहा."

"मग ती कधीतरी फिरून यायलाच पाहिजे की नाही? सहाच तर जागा आहेत."

"हो."

"मग ते आवर्तन पायचं झालं, की सातचं झालं?"

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. मला सगळं एकदम दिसलं. बावीस छेद सात हे आमच्या शाळेनं सोयीसाठी दिलेलं माप. त्याला आम्ही सगळ्यांनी खरं धरलं, इतकं खरं की मी त्यातून शोध लावला. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, पायचं दशांश रूप अखंड आणि अनावर्ती, म्हणजे त्याच क्रमानं फिरून न येणारं. अखंड एवढंच मी मनावर घेतलं होतं, पुढचा शब्द नजरेखालून तसाच गेला होता.

"बाई, किती चुकलं?"

"तीन पूर्णांक चौदापर्यंत बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बाकीची भिंत चुकली." आणि त्यांना हसू आलं. मला नाही आलं. त्या उठून आतून जुनं पुस्तक घेऊन आल्या आणि खरे आकडे असलेलं पान माझ्यापुढं धरलं. एक, पाच, नऊ, दोन, सहा, पाच, तीन, पाच. त्यात कुठंच चाल लागत नव्हती.

"मला काढून टाकतील," मी म्हणालो.

"काढतीलही," बाई म्हणाल्या. त्यांनी मला खोटा धीर कधी दिला नाही. "पण त्या मुलांना उद्या दुसरं कुणी सांगेल, आणि तुझ्या पाठीमागं सांगेल. ते तुला चालेल का, ते बघ."

परतीच्या बसमध्ये मी एकच हिशेब करत होतो. न बोलता राहिलो तर काय, आणि बोललो तर काय. तपासणीचे पाहुणे नुसते भिंत बघून पुढं गेले तर कुणाला कळणारही नाही. पण त्यांच्यात एखादा गणिताचा निघाला तर? आणि वर्गातली मुलं तर रोज माझ्यासमोर टाळ्या वाजवणार होती.

सोमवारी मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हंजे चुकीचं हाय?"

"मथळा चुकीचा आहे, सर. आकडे बावीस छेद सातचे आहेत. पायचे नाहीत."

"दोनी एकच की."

"जवळजवळ."

"मग जवळजवळच ऱ्हाऊ द्या. पावणे काय शिडी लावून मोजणार हायेत का? ग्रुपवर फोटो गेलाय, सरपंच बघून गेले. आता भिंत खरवडली तर तपासणीला काय दाखवू, खपल्या?" मग आवाज खाली आणला. "सर, तुमी तासिकेवर हाय. मी काय बोलत न्हाई. पण इच्यार करा."

मी विचार केला. वर्गात जाईपर्यंत केला, आणि दारात थांबूनही केला. मग आत जाऊन सरळ सांगितलं, की भिंतीवर लिहिलंय तो पाय नाही, मला ते माहीत नव्हतं, काल कळलं. सातनं भागल्यावर बाकी कशी फिरून येते ते फळ्यावर मांडलं. मला शाळेतला मीच आठवला, मान खाली घातलेला. पण ही मुलं माझ्याकडं बघत होती.

"सर," चाल लावणारी मुलगी म्हणाली, "मग आमी येवढं पाठ केलं ते वाया गेलं व्हय?"

"लय गाजवलं गड्या आपन," मागून एक जण म्हणाला आणि दोघं-तिघं हसले.

मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "हे सहा आकडे एकत्र वाचा, एक लाख बेचाळीस हजार आठशेसत्तावन्न. त्याची दुप्पट करा." केली. दोन लाख पंच्याऐंशी हजार सातशेचौदा. "तिप्पट करा." चार लाख अठ्ठावीस हजार पाचशेएकाहत्तर. क्षणभर कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्या मुलीनं भिंतीकडं बोट केलं. "सर, आकडं त्येच हायती. नुसतं जागा बदलून बसल्यात." चौपट केली, पाचपट केली, सहापट केली. तेच सहा आकडे, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात दुसरीकडून. मुलं बाकावर उभी राहून भिंतीवर शोधू लागली, कुठून सुरू केलं की कोणती पट मिळते.

"पुसू नगा सर," कुणीतरी म्हणालं. "नाव बदला की. आकडं ऱ्हाऊ द्यात."

तसंच केलं. मथळ्यावर पांढरा हात मारून 'बावीस छेद सात' असं लिहिलं, आणि त्याच्याखाली तांबड्या रंगात दुसरा पट्टा काढला, खऱ्या पायचा, बाईंच्या पुस्तकातून त्या रविवारी वहीत उतरवून आणलेला. तो दारापर्यंत येऊन थांबला, कारण रंग तेवढाच उरला होता. मुख्याध्यापक दारात येऊन बघून गेले. तपासणीपर्यंतचे दिवस ते माझ्याशी बोललेच नाहीत, आणि मला रोज वाटायचं, आज बोलावतील.

तपासणी झाल्यावर मी बाईंना पत्र लिहिलं. मोबाईलवर गणित वाचता येत नाही असं त्या म्हणतात, म्हणून कागदावर. त्याची नक्कल माझ्याकडं आहे, ती तशीच देतो.

आदरणीय बाईंना,

जय जिनेंद्र आणि सादर नमस्कार.

काल तपासणी झाली. आलेल्यांपैकी एक मॅडम गणिताच्याच होत्या. त्या वर्गात आल्या तेव्हा मी खडू हातात धरला होता आणि तो मोडला. त्यांनी आधी निळा पट्टा वाचला, मग तांबडा, आणि मथळ्याजवळ जाऊन पांढऱ्या रंगावर बोट फिरवलं. खाली जुनी अक्षरं अजून पुसट दिसतात. "इथं आधी काय होतं?" त्यांनी विचारलं. मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते. मी सांगितलं, आधी पाय लिहिलं होतं, ते चुकलं होतं, माझ्या बाईंनी दाखवलं म्हणून बदललं.

मॅडमनी वर्गाला विचारलं, "मग दोन्हींत फरक काय?" एका मुलीनं सांगितलं, "वरचं मेंढरावाणी एकामागनं एक परत येतं. खालचं येत न्हाई." मॅडम हसल्या. मला वाटलं, सुटलो. पण तीच मुलगी माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, पर आमी दोऱ्यानं मोजतो त्ये ताट तर समोर पुरं दिसतंय. कडा कुठं तुटलेली न्हाई. मग त्येचा आकडा का संपत न्हाई?"

बाई, मला उत्तर येत नव्हतं. काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "मला माहीत नाही. विचारून सांगतो." मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं ते कळलं नाही. जाताना मुख्याध्यापकांशी बराच वेळ बोलल्या. त्यांनी मला अजून काही सांगितलेलं नाही. पुढच्या वर्षी तास मिळतील की नाही, ते मे महिन्याशिवाय कळणार नाही. मला झोप येत नाही हे खरं आहे, पण मुलांसमोर जायची भीती जरा कमी झाली आहे, हेही खरं.

तुम्ही मला मुद्दाम कमी दोरा कापायला लावला नसता, तर मी आजही गणित टळलं म्हणून खूश असतो.

त्या मुलीचा प्रश्न वर लिहिलाच आहे. उत्तर पत्रानं पाठवू नका. तिला सोमवारी सांगतो म्हटलंय, म्हणून रविवारी मीच येतो. या वेळी आलं आणणार नाही, घरच्या शेवग्याच्या शेंगा आणतो. सकाळच्या पहिल्या गाडीनं निघेन, म्हणजे दिवस असताना पोचेन.

आपला,
वरच्या खोलीतला